पणज्याचं नाव कुणाकडे?

जून उजाडला की वाशिम, रिसोड, मंगरूळपीरच्या सेतू केंद्रांसमोर आई-बाप आणि बारावी झालेली पोरं रांगेत दिसतात. जात पडताळणीच्या फायलीत एक शपथपत्र जोडावं लागतं, नमुना ३. त्यात वंशावळ मांडायची असते: अर्जदार, बाप, आजा, पणजा, शिवाय चुलत घराण्याची फांदी. बापाचं नाव पोराला येतं, आज्याचं आठवतं. पणज्याच्या रेघेवर पेन थांबतं. मग गावाकडे फोन जातो, एखाद्या म्हाताऱ्या आत्याला विचारलं जातं. आत्या नाव सांगते, पण ते कागदावर कुठे आहे हे तिला ठाऊक नसतं. पडताळणी समितीला तर कागद हवा असतो, आणि तोही ठरलेल्या तारखेच्या आधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७.

त्या पणज्याचं नाव आजवर कुणाच्या हाती राहिलं, कुणी ते जपलं, कुणी त्याचे पैसे घेतले आणि कोण ते फुकट देऊ लागलं, याचा माग काढायला वाशिमसारखा जिल्हा नाही. इथला सर्वांत जुना लेखी पुरावा ही एक वंशावळच आहे.

१९३९ साली वाशिममध्ये पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्याकडचे ताम्रपट उजेडात आले. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून, दिलेलं हे दानपत्र. दान मिळालं ते अथर्ववेदी ब्राह्मणांना. गाव नांदिकट, म्हणजे आजच्या नांदेडच्या, बाजूचं. पत्राच्या भाषेकडे जरा निरखून पाहावं. व्यवहाराचा भाग, म्हणजे गावाच्या सवलती आणि कोणी काय करू नये याची ताकीद, प्राकृतात आहे. कारण ती गावच्या माणसाला कळायला हवी. वंशावळीचा भाग मात्र संस्कृतात. राजाला आपल्या बाप-आज्याचं नाव भारदस्त भाषेत हवं होतं.

या पत्र्यांनी एक मोठी चूक दुरुस्त केली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे आणि त्यात याच घराण्याची यादी आहे. लेख झिजलेला. संस्कृतचे अभ्यासक ब्यूलर यांनी एकोणिसाव्या शतकात तो वाचला तेव्हा एका जागी त्यांना रुद्रसेन हे नाव दिसलं. रुद्रसेन तर नागपूरकडच्या नंदिवर्धन शाखेतला. त्यामुळे दोन फांद्या एकाच खोडात घुसल्या आणि वाकाटकांची वंशावळ कित्येक वर्षं गुंतलेली राहिली. वाशिमच्या पत्र्यांवर स्वच्छ लिहिलं होतं: पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन, सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि त्यांचे सहकारी महाजन यांनी ते पत्रे वाचून प्रसिद्ध केले. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी मग अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि रुद्रसेनाच्या जागी सर्वसेन असल्याचं दाखवलं. वत्सगुल्माची शाखा वेगळी होती, हे तेव्हा इतिहासाला कळलं. पुढे वाशिमजवळच्या हिस्से बोराळ्याला देवसेनाच्या काळचा शके ३८०चा लेख सापडला आणि त्या यादीला एक पक्की तारीख मिळाली.

हे सविस्तर सांगण्याला कारण आहे. आज वंशावळीच्या नादाला लागलेली माणसं जे करतात तेच इथे घडलं. एका घरात वस्तू होती, घरच्यांनी ती दाखवली, वाचणाऱ्याने वाचून सर्वांसमोर ठेवली, आणि तिसऱ्याने तिच्या आधारे दुसरीकडची चूक काढली. पत्रे पेटीतच राहिले असते तर सर्वसेन आजही रुद्रसेन म्हणून वावरला असता. आणखी एक. त्या पत्र्यात प्रवरसेनाला हारीतिपुत्र म्हटलं आहे. बापाच्या ओळीत का होईना, आईकडची एक खूण राजाने ठेवली होती. पुढच्या काळात ही खूण बहुतेक ठिकाणी गळाली.

कारंजा लाडला ती गळाली नाही. कारंज्यात दिगंबर जैनांची तीन पीठं होती, बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ, आणि तिन्हींची ग्रंथभांडारं होती. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६च्या हस्तलिखित सूचीत या भांडारांची नोंद केली तेव्हा बाहेरच्या जगाला कारंज्याची श्रीमंती कळली. या भांडारांत पट्टावल्या आहेत: कोणत्या गादीवर कोण भट्टारक कुणानंतर बसला त्याच्या याद्या. रक्ताचं नातं त्यात नाही, गुरू-शिष्याचं आहे. पण रीत वंशावळीचीच. माझं लक्ष मात्र पट्टावल्यांपेक्षा मूर्तींच्या बैठकींकडे जास्त जातं. पितळी मूर्तीच्या पाठीमागे किंवा बैठकीवर बोटभर जागेत बारीक अक्षरांत शक, संघ, गण, अन्वय, भट्टारकाचं नाव आणि मग मूर्ती करवणाऱ्याचं घर येतं. त्याची जात, गोत्र, त्याचं नाव, भार्येचं नाव, मुलांची नावं, कधी सुनांचीही. दान ज्या घराने दिलं त्या घरातल्या बाईचं नावही धातूवर उतरलं. विद्याधर जोहरापूरकरांनी असे लेख आणि पट्टावल्या जुळवून १९५८ साली 'भट्टारक संप्रदाय' हे पुस्तक छापलं. आज एखाद्या बघेरवाल जैन कुटुंबाला तीनशे वर्षांमागच्या आजीचं नाव सापडू शकतं, ते या बोटभर जागेमुळे.

वतनाच्या कागदांत बाईला अशी जागा क्वचितच मिळाली. वऱ्हाडात परगण्याला देशमुख-देशपांडे, गावाला पाटील-कुळकर्णी. वतन वारशाने चालायचं, म्हणून वाद उभा राहिला की दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून आणायचे: मूळ पुरुष अमुक, त्याला मुलगे इतके, थोरल्याची शाखा ही, धाकट्याची ती. मग गोतसभा बसायची, महजर म्हणजे निवाडापत्र व्हायचं, गावातल्या बलुतेदारांच्या साक्षी पडायच्या. ज्याला लिहिता येत नसे तो धंद्याच्या हत्याराची निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगर. करीन्यात मुली येत नाहीत, कारण वतन त्यांच्याकडे जात नव्हतं. भूमिहीनाची तर वंशावळच नाही. गावची शीव नेमकी कुठे हे सांगायला महारांची साक्ष लागायची, पण साक्ष देणाऱ्याचा बाप-आजा कोण हे लिहायची गरज कुणाला पडली नाही. वंशावळ हक्क मिळवायला लिहिली गेली. हक्क नव्हता त्यांची नावं तिच्या बाहेर राहिली. पुढचा सगळा मागोवा या एका गोष्टीभोवती फिरतो.

वतनदार नसलेल्यांसाठी दोन दारं उघडी होती. एक तीर्थाचं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाववार, आडनाववार नामावळी असतात. यात्रेकरू आला की उपाध्याय त्याचं गाव विचारून बाड काढतो आणि त्याच्या आज्याने स्वतःच्या हाताने किंवा कुणाकडून लिहवून घेतलेला लेख पुढे ठेवतो. खाली नातू आपला लेख लिहितो: भाऊ, चुलते, मुलगे. दुसरं दार भाटाचं. भाट काही वर्षांनी गावात यायचा, पोथी उघडून पिढ्या वाचून दाखवायचा, नव्या जन्मांची भर घालायचा आणि धान्य, कापड, पैसा घेऊन पुढच्या गावाला जायचा. दक्षिण महाराष्ट्रात हेच काम हेळवी करत आले. या लोकांनी जे जपलं ते कुठल्याही सरकारने जपलं नाही, हे मनापासून कबूल केलं पाहिजे. पण बाड त्यांच्या पोटाचं साधन होतं, त्यामुळे ते इतरांना चाळू देणं शक्य नव्हतं. यजमानाला त्याचं पान दिसायचं. शेजारच्या पानाशी ते जुळवून पाहायची सोय नव्हती.

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला गेलं की या परंपरेचं वेगळंच रूप भेटतं. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीला देशभरचा बंजारा समाज लोटतो. लमाण तांडा बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून फिरणारा. त्याला ना सातबारा, ना गावची पाटीलकी, ना एका गावात टिकणारा शाळेचा दाखला. तरीही सोयरीक जुळवताना गोत आणि पाडा, म्हणजे गोताची पोटशाखा, विचारल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही नावं बाहेरच्याला आडनावं वाटतात, पण राठोड म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, पाडा कोणता? भुकिया की आणखी कोणता? हे सगळं तोंडी राहिलं आहे. ढाडी आणि भाट तांड्यातांड्यांवर जाऊन गोतांची आणि पूर्वजांची गाणी गात आले, नायक-कारभाऱ्यांसमोर ते उजळून निघत गेलं. इंग्रज अधिकारी कंबरलेजने वणी जिल्ह्यात असताना बंजाऱ्यांवर टिपण लिहिलं आणि पुढे रसेल-हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या १९१६च्या ग्रंथात त्यातलं बरंच उतरलं. कागदावर हे असं, दुसऱ्यांच्या हाताने आलं. ५ ऑक्टोबर २०२४ला पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, नगाऱ्याच्या आकाराची इमारत उभी राहिली. तिथे वस्तू आणि चित्रं आहेत. पण १९६१च्या आधीचा पुरावा मागितला गेला की तांड्यावरचं पोर आजही अडतं, आणि पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी चौकशीला आलं की म्हाताऱ्याने तोंडपाठ सांगितलेला गोत-पाडाच मदतीला येतो.

इंग्रजी अंमलाने मात्र पणज्याचं नाव फुकटात लिहून ठेवलं, तसा हेतू नसताना. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीकडे सोपवलं आणि वाशिमच्या गावांत मोजणी, शाळा आणि जन्म-मृत्यूची नोंदवही आली. कोतवालाने खबर द्यायची, वही भरली जायची. आजही लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जुनं पान समोर धरलं तर मोडी किंवा बाळबोध अक्षरात तारीख, बापाचं नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, मेलेल्याच्या पुढे मरणाचं कारण: ताप, पटकी, हगवण. बऱ्याच ओळींत बाळाचं नावच नसतं, कारण बारसं व्हायच्या आत वर्दी गेलेली. आणि आडनाव नसतं. एका गावात एकाच वर्षी रामा नावाच्या तिघांना मुलगा झाला तर तुमचा रामा कोणता? इथे खरी मेहनत सुरू होते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्याच सुमारास नाव घातलेलं पोर शोधायचं, शेताच्या कागदात बापाचं नाव पाहायचं, मृत्यूच्या नोंदीतलं वय मागे मोजायचं. तीन कागद एकाच माणसाकडे बोट दाखवू लागले की मगच तो आपला पणजा म्हणायचा. एकाच कागदावर विसंबून पुढे गेलेली वंशावळ पडताळणीत टिकत नाही, आणि टिकूही नये.

त्यात वाशिमकराचा आणखी एक त्रास. इंग्रजांचा वाशिम जिल्हा १९०५ला मोडला, वाशिम-मंगरूळचा भाग अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ला वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे एकाच घराण्याचे कागद दोन जिल्ह्यांच्या अभिलेख कक्षांत विखुरलेले असू शकतात. पैनगंगेपलीकडे तर राज्यच बदलायचं. अलीकडे वाशिम, पलीकडे हिंगोली. इकडे इंग्रजांची वही, तिकडे निजामाची. लेकी मात्र नदी ओलांडून दिल्या जात होत्या, चुलत भाऊ दोन्ही काठांवर शेती करत होते.

२०२३ साली ही नदी अचानक सगळ्या महाराष्ट्राला दिसली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारने ७ सप्टेंबरला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातल्या, म्हणजे नदीपलीकडच्या, कुणबी नोंदी शोधायला घेतल्या. पहिल्या अहवालापर्यंत १ कोटी ७२ लाख कागद तपासून ११,५३० नोंदी सापडल्या. शोध राज्यभर नेल्यावर आकडा ५४ लाखांच्या वर गेला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा अमरावती विभागाचा, म्हणजे आमच्या वऱ्हाडाचा. कारण इकडे जात लिहिणारी वही होती आणि ती टिकली. आरक्षण कुणाला मिळावं हा मोठा वाद आहे आणि त्याची जागा इथे नाही. पण त्या शोधाने एक गोष्ट कायमची बदलली: जिल्हा प्रशासनांनी सापडलेल्या नोंदी स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकल्या. ज्या पानासाठी नक्कल विभागात चकरा माराव्या लागायच्या ते पान मोबाइलवर आलं. पान आलं, पण वाचणार कोण? मोडी शाळेतून जाऊन दोन पिढ्या उलटल्या. तेव्हा मोडी शिकलेली तरुण मुलं-मुली पुढे आली. कुणी पानाचा फोटो गटावर टाकतो, दुसऱ्या जिल्ह्यातला कुणी त्याचं बाळबोध करून देतो, तिसरा सांगतो की हे गाव आमच्या शेजारचं, इथे या नावाची दोन घरं आहेत. पैसे घेऊन वाचणारेही होते आणि आहेत. मेहनतीचे पैसे घेण्यात वावगं काही नाही. पण ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याचंही पान वाचलं गेलं, ते या बिनपैशाच्या माणसांमुळे.

त्यांचे पूर्वसुरी मराठीतच आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणस्थ घराण्यांनी कुलवृत्तांत छापायला सुरुवात केली. एखादा निवृत्त कारकून किंवा शिक्षक वर्षानुवर्षं पोस्टकार्डं लिहायचा, गावोगावच्या भाऊबंदांकडून माहिती मागवायचा, तक्ते जुळवायचा आणि वर्गणी काढून ग्रंथ छापायचा. मोबदला शून्य. राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली, १९१०ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. घराघरांतले करीने बाहेर येण्याची हवा त्याच काळात तयार झाली. फरक एवढाच की कुलवृत्तांत छापण्याइतकी वर्गणी आणि लिहिणारी माणसं मूठभर जातींकडे होती.

जगातही ही रीत पसरली. युटाच्या जीनिऑलॉजिकल सोसायटीने १९७७पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या. १९९६ साली अमेरिकेत स्वयंसेवकांनी वर्ल्डजेनवेब उभारलं. देशवार, जिल्हावार पानं, ज्याला जे ठाऊक त्याने ते लिहायचं, कुणाकडून छदाम घ्यायचा नाही. १९९८ला ब्रिटनमध्ये फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी निघाली. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या आणि मिश्र कुटुंबांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं तिचे सदस्य उतरवून घेतात आणि ती सूची कुणालाही मोफत शोधता येते. वऱ्हाडात मेलेल्या एखाद्या इंग्रज शिपायाचा पणतू लंडनला बसून ती धुंडाळू शकतो. त्याच गावच्या कोतवालाच्या पणतूला अशी सूची मिळायला हवी, ही मागणी रास्त आहे.

मग वाशिमसाठी बिनपैशाच्या माणसांनी काय करावं? माझ्या मते आधी गाव धरावं, घराणं नव्हे. घराणं धरलं की पुन्हा मोठ्या वाड्याची वंशावळ मोठी आणि वस्तीवरची कोरी राहते. एका गावचं पूर्ण कोतवाल बुक, ओळ न गाळता, जशीच्या तशी जात आणि मूळ शुद्धलेखन ठेवून उतरवावं. वाचता न आलेलं अक्षर अंदाजाने भरू नये, जागा सोडावी. प्रत्येक ओळीपुढे पानाचा क्रमांक लिहावा, म्हणजे दुसऱ्याला ते पान गाठून तपासता येईल, जसं मिराशींना अजिंठ्याच्या लेखाशी वाशिमचे पत्रे ताडता आले. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते आणि आधार क्रमांक मात्र गटांवर टाकणं थांबलं पाहिजे. शपथपत्राचा फोटो उत्साहात सगळीकडे फिरतो आणि त्यातून कुणाला काय करता येईल याचा विचार होत नाही.

आणि तक्त्यात लेकी याव्यात. जुना तक्ता मुलीचं लग्न झालं की तिला सोडून देतो. पण पैनगंगेपलीकडच्या चुलत घराण्याचा धागा अनेकदा तिच्याच हातात असतो. माहेर कोणतं, सासर कोणतं, मामा कोण, हे तिला बिनचूक माहीत असतं. नमुना ३च्या रेघेवर पेन थांबतं तेव्हा फोन जातो तो आत्यालाच. तिचं म्हणणं ध्वनिमुद्रित करून ठेवायला आज काही खर्च येत नाही. तिने सांगितलेली नावं, तिचं स्वतःचं नाव, गाव आणि सांगितल्याची तारीख घालून उतरवावीत. पोहरादेवीच्या यात्रेत ढाडी आणि भाट भेटतात. त्यांची परवानगी घेऊन, त्यांची दक्षिणा देऊन, गोत-पाड्यांची गाणी त्यांच्या नावानिशी मुद्रित करावीत. गाणाऱ्यांच्या पुढच्या पिढीतली किती पोरं हे शिकतात ते पाहिलं, तर येत्या रामनवमीपासूनच हे काम हाती घ्यायला हवं.